शिबं, मुरमं आणि अझेलेइक ॲसिड

"ॲसिड लावतेस तोंडाला? भाजेल की!" हे मी घरी ऐकते, शेजारी ऐकते, आणि मोबाईल उघडला की बरोबर उलटं, कुणीतरी तीच बाटली हातात धरून सांगत असतं की आठवड्यात डाग गायब, चेहरा उजळ, ग्लास स्किन म्हणजे काचेसारखी चकचकीत कातडी. दोन्ही चूक आहे. माझी त्वचा लगेच लाल होणारी, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं मुरमं येणारी, साधा फेसवॉश बदलला तरी कुरकुरणारी. त्यामुळं अझेलेइक ॲसिडचं सीरम आणायच्या आधी मी त्याच्याबद्दल बरंच वाचलं आणि खरं सांगते, हा रेणू मला फार आवडला.

आधी ते 'भाजेल' बघू. ॲसिड किती जहाल आहे हे नावावरून कळत नाही, पीएचवरून कळतं, आणि शाळेत शिकलेलं आठवत असेल तर पीएच एकानं कमी झाला की आम्लता दहापट वाढते. आपल्या त्वचेचाच पीएच ५ च्या आसपास असतो, म्हणजे ती मुळातच थोडी आंबट. अझेलेइकची सीरमं साधारण त्याच्याच आसपास बनवलेली असतात. आणि घरगुती उपाय म्हणून जे लिंबू बिनधास्त चोळलं जातं त्याचा पीएच २ च्या जवळ, म्हणजे त्वचेपेक्षा हजारपट जास्त आम्ल. वर लिंबाच्या सालीत अशी काही द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते आणि काळे डाग उमटतात. तेव्हा ॲसिडला घाबरायचंच असेल तर आधी लिंबाला घाबरा. बेकिंग सोडा आणि टूथपेस्टसुद्धा चेहऱ्याला नको. हळदीचं म्हणाल तर मी सांगलीची, मार्केट यार्डातल्या हळदीच्या वासावर वाढलेली, तरी मुरमांवर हळदीचा लेप लावून ती मुळापासून जातात असं मी कुणाला सांगणार नाही.

आता हे ॲसिड औषध म्हणून सापडलं कसं, तर शिबांमुळं. उन्हाळ्यात पाठीवर, छातीवर, मानेवर फिकट चट्टे येतात, घाम जास्त येणाऱ्यांना बऱ्याचदा, त्याला आपण शिबं म्हणतो. काही लोक ते कोड समजून घाबरतात, काही जण कॅल्शियम कमी झालंय म्हणून गोळ्या सुरू करतात, आणि गावाकडं अजूनही कुणी उतारा टाकायला सांगतं. कारण एवढंच, मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, जी तुमच्या माझ्या सगळ्यांच्या अंगावर राहते, ती घामात आणि तेलात जास्त फोफावते. १९७० च्या दशकात रोममध्ये मार्सेला नाझ्झारो-पोर्रो आणि सिरो पास्सी हे संशोधक हाच प्रश्न घेऊन बसले होते की या चट्ट्यांचा रंग जातो कशानं. ही यीस्ट त्वचेवरच्या तेलातली मेदाम्लं तोडते आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यातलं एक अझेलेइक, आणि परीक्षानळीत ते रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतं, हे त्यांनी १९७८ मध्ये मांडलं. (नंतर याच यीस्टमधून निघणारी दुसरीही द्रव्यं सापडली, त्यामुळं शिबांचा रंग एकट्या अझेलेइकमुळं जातो असं आता कुणी म्हणत नाही.) मग वांगावर त्याची क्रीम वापरून बघितली, आणि लक्षात आलं की ज्यांना मुरमं होती त्यांची मुरमंही कमी होतायत. १९८३ मध्ये मुरमांवरचे निष्कर्ष छापून आले, अमेरिकेत २० टक्के क्रीमला १९९५ मध्ये मुरमांसाठी आणि १५ टक्के जेलला २००२ मध्ये रोझेशियासाठी, म्हणजे चेहरा सतत लाल राहण्याच्या त्वचारोगासाठी, परवानगी मिळाली. गहू, बार्ली, राय या धान्यांतही ते थोडं असतं. पण बाटलीतलं ॲसिड ना गव्हातून येतं ना यीस्टमधून. ओलिइक ॲसिड हे १८ कार्बनचं मेदाम्ल असतं, त्याच्या बरोबर मध्ये एक दुहेरी बंध असतो, तो ओझोननं तोडला की ९ कार्बनचे दोन तुकडे पडतात आणि त्यातला एक म्हणजे हे आपलं अझेलेइक.

आता जीव लावून वाचा, कारण खरी गंमत इथं आहे.

रेणू अगदी साधा. ९ कार्बनची सरळ साखळी आणि दोन्ही टोकांना आम्लाचा गट. मधली साखळी तेलात रमणारी, टोकं पाण्यात रमणारी. या टोकांवर एकेक हायड्रोजन असतो आणि तो प्रोटॉन म्हणून सुटू शकतो. सुटला की त्या टोकावर ऋण भार येतो. किती रेणूंचे प्रोटॉन सुटतील हे आजूबाजूच्या पीएचवर ठरतं. पहिला प्रोटॉन सुटायचा मधला बिंदू पीएच ४.५ च्या आसपास आहे, दुसऱ्याचा ५.५ च्या जवळपास. म्हणजे ५ पीएचच्या त्वचेवर काही रेणू दोन्ही प्रोटॉन धरून, बिनभाराचे, आणि बाकीचे भार घेऊन फिरणारे, असं मिश्रण असतं. पेशीचं आवरण तेलकट, त्यामुळं भार असलेला रेणू बाहेरच अडकतो, बिनभाराचा आत सरकतो.

मुरमं ज्या छिद्रात होतात तिथं क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू असतात. बिनभाराचा अझेलेइक रेणू त्यांच्या आत शिरला की परिस्थितीच बदलते, कारण जिवाणूच्या आतला पीएच बाहेरच्यापेक्षा जास्त, जवळपास उदासीन. तिथं पोचल्या पोचल्या रेणू आपले प्रोटॉन सोडून देतो, भारित होतो, आणि आता त्याला आवरणातून परत बाहेर पडता येत नाही. आत अडकला तो अडकलाच. मागून आणखी रेणू येतात, तेही प्रोटॉन टाकतात, आतली आम्लता वाढत जाते. जिवाणूला जगायचं तर आत आणि बाहेर यांच्यातला पीएचचा फरक टिकवावा लागतो, म्हणून तो ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलत बसतो. पूर आल्यावर तळमजल्यात शिरलेलं पाणी मोटर लावून उपसत राहावं आणि नदीची पातळी काही उतरू नये, तसं. त्यात हेच ॲसिड त्याचं प्रथिनं बनवायचं कामही मंदावतं, म्हणजे दुरुस्ती करायलाही काही उरत नाही. प्रयोगातही असंच दिसतं की माध्यम जितकं जास्त आम्ल तितका जिवाणूंवर परिणाम जास्त.

म्हणूनच की काय, क्लिंडामायसिनसारख्या अँटिबायोटिकला हे जिवाणू सरावतात तसे अझेलेइकला सरावल्याचं दिसलेलं नाही. अँटिबायोटिक बहुतेक वेळा एकाच जागी घाव घालतं, जिवाणूनं ती एक जागा बदलली की सुटला. इथं घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी आहेत. त्याशिवाय छिद्राच्या तोंडाशी जी केराटिनची, म्हणजे कातडीतल्या कडक प्रथिनाची, बुच बसते, जिथून ब्लॅकहेड सुरू होतो, ती बसायचं प्रमाणही हे ॲसिड कमी करतं, आणि सूज आलेल्या जागी पांढऱ्या पेशी जे तिखट ऑक्सिजनरेणू सोडतात त्यांनाही आवर घालतं.

याच भाराच्या खेळामुळं सीरम बनवणाऱ्याची मात्र पंचाईत होते. अझेलेइक पाण्यात विरघळतच नाही फारसं, १ लिटर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम. आणि बाटलीवर लिहिलंय १० टक्के, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम! पीएच वाढवला तर ते छान विरघळतं, पण मग ते भारित होतं आणि भारित झालं की आत जात नाही. पीएच कमी ठेवला तर आत जाईल, पण विरघळणार नाही. म्हणून बऱ्याच सीरममध्ये ते बारीक भुकटी होऊन नुसतं तरंगत असतं. बोटावर थेंब घेऊन अंगठ्यानं चोळून बघा, पांढरट, जाडसर, आणि खाली अगदी बारीक कणकण लागते. वाळल्यावर वर सनस्क्रीन चोळलं की पांढऱ्या सुरळ्या निघतात ते याच्यामुळंही असू शकतं. सीरम खराब नसतं. कमी घ्यायचं, नीट वाळू द्यायचं, आणि सनस्क्रीन न चोळता थापटत लावायचं. आणि टक्क्याच्या मागं धावू नका, १५ टक्के जेलमधून त्वचेच्या आत २० टक्के क्रीमपेक्षा जास्त ॲसिड पोचतं असं तपासून झालेलं आहे, त्यामुळं कशात मिसळलंय हेही तितकंच महत्त्वाचं.

लावल्यावर पहिल्यांदा खाजतं. मला नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर मुंग्या आल्यासारखं, मग थोडं चुरचुरलं, मग थांबलं. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर प्रोटॉन ओळखणारी प्रथिनं असतात, बहुधा तीच ही खबर देतात. नाजूक त्वचेत वरचा थर विरळ असतो म्हणून ॲसिड तिथं लवकर पोचतं. बहुतेकांचं हे पहिल्या काही आठवड्यांत कमी होतं. ओल्या चेहऱ्यावर लावलं तर जास्त झोंबतं कारण ओली कातडी जास्त आत घेते, म्हणून तोंड धुवून पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, आणि आमच्यासारख्यांनी आधी मॉइश्चरायझर, मग सीरम, सुरुवातीला एक दिवसाआड रात्री. विश्रामबागहून मिरजेला स्कूटीवरून जायचं, उन्हाचं, तोंडाला घट्ट स्कार्फ गुंडाळून, तर आत घाम, कापडाचं घर्षण, सगळं ओलं, अशा वेळी सकाळी लावलेलं सीरम सहन होत नाही. जबड्याच्या कडेची मुरमं त्या घासणाऱ्या कापडानंही वाढतात, तेव्हा स्कार्फ सुती घ्या आणि रोज धुवा. नुसतं चुरचुरणं वेगळं, पण लाली दुसऱ्या दिवशीही राहिली, सूज आली, कातडी सोलली तर बंद करायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

आता उजळपणा. मुरूम बसल्यावर मागं जो काळा डाग राहतो, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तर महिनोन्महिने, तो सूज येऊन गेल्यावर रंगपेशी भडकल्यामुळं असतो. अझेलेइक अशा जास्त चाललेल्या पेशींवर काम करतं, शांत, नॉर्मल पेशींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणजे डाग फिका होईल, तुमचा मूळ रंग बदलणार नाही, आणि बदलायची गरजही नाही. 'गोरं करणारं सीरम' म्हणून हे विकणारा माणूस विज्ञान सांगत नाहीये. यापेक्षा वाईट म्हणजे मेडिकलमधून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीम. त्या आठवड्यात चेहरा उजळतात आणि काही महिन्यांत कातडी पातळ, लाल, केसाळ करून ठेवतात, सोडल्या की मुरमं दुप्पट उसळतात. २०१८ मध्ये सरकारनं अशा अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ओळखीवर ती अजून मिळतात, आणि लग्नसराईत मुली आठवड्यात चेहरा हवा म्हणून आणतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. कृपा करून लावू नका.

अझेलेइक सावकाश आहे. छिद्रातली बुच बाहेरून दिसायच्या कितीतरी आधी आत बनत असते, म्हणून मुरमांसाठी १ महिन्यात थोडा फरक, खरा अंदाज ३ महिन्यांनी, आणि डागांना त्याहून जास्त. सनस्क्रीन नसेल तर डागांचं काम उन्हात वाया जातं. मोठ्या, दुखऱ्या, खड्डे पाडणाऱ्या गाठी असतील तर सीरमवर वेळ घालवू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. गरोदरपणात रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीची मुरमांची औषधं) टाळावी लागतात, तेव्हा डॉक्टर बऱ्याचदा हेच देतात, कारण लावलेल्यापैकी रक्तात फार थोडं जातं, पण तरी त्यांना विचारूनच.

आणि विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. पोटॅशियम अझेलॉइल डायग्लायसिनेट असं लिहिलं असेल तर ते अझेलेइकपासून बनवलेलं वेगळं द्रव्य आहे, पाण्यात सहज विरघळणारं, अंगाला सौम्य, पण वर सांगितलेले सगळे अभ्यास त्याच्यावर झालेले नाहीत.