मूर्तीच्या खोक्यात थर्माकोल का नाही?

पेणच्या आमच्या कारखान्यातून निघालेली शाडूची मूर्ती तुमच्या घरी पोचली आहे. खोकं उघडलंत की कागदच कागद दिसेल, थर्माकोलचा एकही तुकडा सापडणार नाही. विसर्जनानंतर पाण्यात विरावी म्हणून तुम्ही शाडूची मूर्ती मागवता. थर्माकोल विरत नाही. त्याचे मणी सुटतात, वाऱ्यावर उडतात, गटारातून खाडीपर्यंत जातात. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. जे मखराला चालत नाही, ते खोक्यात का घालायचं?

सोडणं मात्र सोपं नव्हतं. थर्माकोलमध्ये जवळजवळ ९८ टक्के हवाच असते, म्हणून ते हलकं असतं आणि दणका स्वतःवर घेतं. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. जरा धक्का लागला की बोटं जातात, कान जातात. पहिल्या वर्षी आम्ही कागद ठासून भरला आणि चुकलो, कारण घट्ट दाबलेला कागद दगडासारखाच लागतो. तो चुरगळलेला आणि सैल असला तरच दबतो.

आता बैठकीखाली अंड्यांच्या ट्रेसारखा कागदी लगद्याचा साचा असतो. अंगाभोवती जाळीचा कागद, जो ओढला की मधमाशीच्या पोळ्यासारखा उघडतो. हात आणि सोंडेमागच्या पोकळीत मऊ, कोरा कागद. छापील वर्तमानपत्र आम्ही वापरत नाही, दमट हवेत त्याची शाई मूर्तीच्या रंगाला लागते. हे सगळं एका लहान खोक्यात, ते खोकं मोठ्या फाइव्ह प्लाय, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि दोन्हींमध्ये सगळीकडून ५ सेंमी कागदाची भर.

मक्याच्या स्टार्चचे पांढरे गोळेही वापरून पाहिले. पण बहुतेक मूर्ती भर पावसाळ्यात निघतात, आणि कोकणातल्या हवेत ते मऊ पडून चिकटले. दुसऱ्या कुठल्या पार्सलात असे गोळे आले तर एक पाण्यात टाकून बघा. विरघळला तर स्टार्च, तरंगत राहिला तर थर्माकोल.

हापूसच्या पेटीत असतो तसा भाताचा पेंढा आम्हाला सगळ्यात आवडतो. देशातल्या मोठ्या मूर्तींना तो घालतोही. ऑस्ट्रेलियात मात्र पेंढ्याचं पॅकिंग चालत नाही, म्हणून परदेशी पार्सलात फक्त कागद.

कागद जड, मग कुरिअर महागणार का, असं बरेच जण विचारतात. विमानाने जाणाऱ्या पार्सलाचं भाडं बहुधा आकारावर ठरतं: लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००. म्हणजे ४० × ४० × ५० चं खोकं आत ९ किलो असलं तरी १६ किलोचं धरलं जातं. कागदाचं वजन त्यात सहज मावतं.

उघडताना खोकं आडवं करू नका, कात्री खोल घालू नका. लहान खोक्याचे चारही कोपरे वरून खाली कापा आणि मूर्ती बैठकीला धरून उचला. हाताखालचा कागद ओढू नका, थोडा थोडा फाडून काढा.

चिकटपट्टीही कागदाचीच आहे. पट्टीसकट सगळं फाडून निर्माल्याच्या खतात सुका थर म्हणून घाला, नाहीतर रद्दीत द्या.

एवढं करूनही बोट दुखावलेलं दिसलं तर आधी फोटो पाठवा, नंबर बिलावर आहे. देशातल्या प्रत्येक खोक्यात शाडूची छोटी पुडी ठेवली आहे. थोड्या पाण्यात घट्ट कालवा, तुटल्या जागी लावा आणि सावलीत वाळू द्या. प्राणप्रतिष्ठेआधीच हे उरकता यावं, म्हणून मूर्ती आली की त्याच दिवशी खोकं उघडा.