डोक्याला मार लागलेल्यांना अपंगत्वाचा दाखला एवढा अवघड का जातो, त्यामागची पार्श्वभूमी

बाईकवरून पडून डोक्याला मार लागलेला माणूस सहा-आठ महिन्यांनी हिंडायफिरायला लागतो, घरचे त्याला दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलला डॉक्टरांच्या बोर्डासमोर नेतात, तिथे हात वर करा म्हटलं की करतो, नाव-गाव विचारलं की नीट सांगतो, आणि मग अपंगत्वाचे टक्के येतात तेरा नाहीतर पंधरा, किंवा येतच नाहीत. घरी मात्र तोच माणूस गॅस चालू ठेवून बाहेर निघून जातो, अर्ध्या तासापूर्वी जेवलोय हे त्याला आठवत नाही, साध्या गोष्टीवरून ताट भिरकावतो. आमच्या नात्यातच हे बघितलंय त्यामुळे यावर मी बरंच वाचलं. बोर्डावरच्या एखाद्या डॉक्टरचा स्वभाव वाईट असेलही, पण मूळ अडचण त्याच्या कितीतरी आधीची आहे, मोजायची जी पट्टी त्याच्या हातात दिली गेली ती हाडं, सांधे आणि डोळे मोजायला बनवलेली होती.

आपल्याकडे मदतीचे पैसे आधी आले आणि अपंगांचा कायदा नंतर आला. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. त्यात निराधार, विधवा, अपंग असे सगळे एकत्र होते, आणि कारभार तहसीलकडे, म्हणून आजही तलाठी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला अशी फिरती करावी लागते. म्हणजे मुळात ही गरिबीची योजना, आजाराची नव्हे. उत्पन्नाची मर्यादा अपंगांसाठी बरीच वर्षं वार्षिक ५० हजार होती, यावर कुठलं कुटुंब मुंबई-पुण्यात जगतं ते मला तरी कळत नाही. महिन्याची रक्कम २०२३ मध्ये १००० वरून १५०० झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २५०० करायचं ठरलं. केंद्राची इंदिरा गांधी अपंग पेन्शन २००९ ची, ती दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि तीही ८० टक्क्यांवर अपंगत्व असेल तरच, रक्कम आधी २०० आणि २०१२ पासून ३००. डोक्याला मार लागलेला आणि चालता-बोलता माणूस ८० टक्क्यांपर्यंत पोचणं जवळपास अशक्यच, त्यामुळे ही दुसरी योजना बहुतेकांच्या कामाची नाही.

खरा घोळ १९९५ च्या अपंग कायद्यात आहे. तो कायदा आला ही फार मोठी गोष्ट होती, त्याआधी हक्क म्हणून मागता येईल असं काही नव्हतंच, ते मान्यच. पण त्यात प्रकार फक्त सात. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, कर्णबधिरता, चलनवलनाचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. आता यात डोक्याला मार लागलेला बसवायचा कुठे? चलनवलनाच्या व्याख्येत लिहिलेलं हाडं, सांधे किंवा स्नायूंचं अपंगत्व, मेंदूचं नावच नाही (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडते ती, तेवढी जोडलेली). मतिमंदत्वाची व्याख्या होती मनाची वाढ अपुरी राहण्याची, आणि पस्तीस वर्षांचा माणूस तर पूर्ण वाढलेला, शिकलेला, नोकरी केलेला. राहिला मानसिक आजार, तर त्याचे टक्के मोजायला २००२ मध्ये आयडियाज नावाची पद्धत आली, ती चांगली होती पण पात्र आजार चारच धरले, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी (मंत्रचळ) आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). अपघाताने स्मरणशक्ती गेलेल्याला ओढूनताणून डिमेन्शियात बसवायचं किंवा परत पाठवायचं. आणि लाभ मिळायला किमान ४० टक्के अपंगत्वाची अट सगळ्यांच्या डोक्यावर, ३९ आले तर घरी जा.

१९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आला तोही ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच. त्यात कायदेशीर पालक नेमायची जी सोपी सोय आहे ती अपघातग्रस्त मोठ्या माणसाला मिळत नाही. नवरा कोमात आणि बँकेत त्याच्या नावावर पैसे, बायकोला हात लावता येईना, अशा बायकांना मुंबई हायकोर्टात रिट करून पालक म्हणून नेमून घ्यावं लागलंय. पुढे २०१६ च्या नव्या अपंग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाचं, म्हणजे पालकाने त्या माणसासोबत मिळून निर्णय घ्यायचे याचं, कलम १४ आलं.

गंमत नाही, दुःख वाटतं ते याचं की कोर्टांना हे आधीच कळलं होतं. अपघात भरपाईच्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच स्पष्ट सांगितलं की डॉक्टरने दिलेले टक्के म्हणजे कमाईचं तेवढंच नुकसान असं धरता येत नाही, त्या माणसाचं काम काय होतं आणि ते आता जमतं का हे बघा. २०२० मध्ये मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या केसमध्ये कोर्टाने अपंगत्व १०० टक्के धरून भरपाई खूप वाढवली. पण हे सगळं मोटार अपघात भरपाईपुरतं. दाखल्याची खिडकी वेगळी, तिथे पट्टी जुनीच राहिली.

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर मान्यतेची मोहोर उमटवली तेव्हापासून कायदा बदलणं भाग होतं, तरी २०१६ चा डिसेंबर उजाडला आणि लागू व्हायला एप्रिल २०१७. सातचे एकवीस प्रकार झाले. माझ्या मते डोक्याला मार लागलेल्यांसाठी यातल्या तीन ओळी सर्वात मोलाच्या आहेत. चलनवलनाच्या व्याख्येत आता स्नायू-हाडांबरोबर मज्जासंस्था आली. वाचा आणि भाषेचं अपंगत्व हा वेगळा प्रकार झाला आणि त्यात अफेजिया, म्हणजे मेंदूमुळे शब्द न सापडणं, नावानिशी आलं. आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मूड यांच्याबरोबर स्मृती आणि भान हे शब्द आहेत.

म्हणून अर्ज करताना एकाच डॉक्टरकडे हातपाय दाखवून येऊ नका, सगळ्या बाजू मांडा. दोन अपंगत्वं असतील तर बेरीज सरळ होत नाही, एक सूत्र आहे. समजा हातापायाचे ३६ आले आणि बोलण्याचे २०. ९० मधून ३६ गेले की उरले ५४, त्याला २० ने गुणा, ९० ने भागा, १२ येतात, एकूण ४८. म्हणजे सुटं सुटं बघितलं तर दोन्ही ४० च्या खाली आणि एकत्र केलं तर माणूस पात्र. बोलण्याची तपासणीच झाली नाही म्हणून ३६ वर अडकलेले लोक मी बघितलेत. आयडियाजमध्ये तर स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद-समज आणि काम असे चार भाग बघतात आणि सांभाळणाऱ्याला विचारतात, तेव्हा बायकोने किंवा आईने सोबत जाऊन गॅसचं, पैशांचं, रागाचं सगळं सांगायला हवं, लाजून झाकू नये. डिस्चार्ज समरी, सिटी स्कॅन आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट जवळ हवाच.

जून २०२१ पासून दाखला यूडीआयडीच्या (अपंगांच्या केंद्रीय ओळखपत्राच्या) पोर्टलवरूनच मिळतो, मोजणीच्या सूचना २०१८ मध्ये नव्या आल्या आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुधारल्या. तरीही एकवीसच्या यादीत मेंदूला झालेली इजा हे नाव नाही, माणसाचे तुकडे करून दोन-तीन प्रकारांत वाटूनच जावं लागतं. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात शेवटी एक ओळ आहे, केंद्र सरकार अधिसूचना काढून आणखी प्रकार जोडू शकतं, संसदेत नवा कायदा आणायची गरज नाही. ॲसिड हल्ला, पार्किन्सन्स, सिकल सेल हे सगळे या यादीत आलेच ना, मग याची मागणी आपापल्या खासदाराकडे आणि दिव्यांग कल्याण विभागाकडे लेखी जायला पाहिजे.