ओआरएस आणि ग्लुकोजची पूड: बॅगेत कुठलं पाकीट?

खानापूरची आमची आत्या थायलंडच्या टूरला निघाली तेव्हा मी तिची औषधांची पिशवी तपासली. ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून प्यायची क्षार-साखरेची पूड, म्हणून तिनं ग्लुकोजची पूड भरली होती. "दोन्ही एकच की गं," म्हणाली. बेळगावात मेडिकलच्या काउंटरवरही हा घोळ मी कितीदा ऐकलाय.

ग्लुकोजची पूड म्हणजे जवळपास नुसती साखर. उन्हातान्हात थकवा आला तर प्यायला हरकत नाही. पण जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात, ते तिनं भरून निघत नाहीत. उलट फार गोड पाणी आतड्यात आणखी पाणी ओढतं आणि जुलाब वाढू शकतात. कोल्ड्रिंकचंही तेच.

ओआरएसमध्येही साखर असते, पण मोजून. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) सूत्रात लिटरमागे ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शिरतात, त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट सहसा उघडी राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे कितीतरी रुग्ण वाचवले. मला हे दरवेळी थक्क करतं.

म्हणून पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघूनच घ्या. गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे.

लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं. परदेशात पाण्याची सीलबंद बाटली सोयीची. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात ओतू नका. दर जुलाबानंतर घोटघोट प्या, २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. डायबेटिस आहे म्हणून काहीजण ओआरएस टाळतात; तसं करू नका, शुगर तपासत राहा.

ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत, शरीर सुकत नाही एवढंच. थांबवायची लोपेरामाइडची गोळी वेगळी. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर ती घ्यायची नाही, लहान मुलांना तर नाहीच.

बाकी बर्फ, कापून ठेवलेली फळं, नळाचं पाणी टाळायचं, जेवणाआधी साबणानं हात धुवायचे. लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा उलट्यांमुळे पाणीच टिकेना, तर तिथल्याच डॉक्टरकडे जायचं, घरी परतायची वाट बघायची नाही. हे मी आत्याला चिठ्ठीवर लिहून दिलं आणि पिशवीत सहा पाकिटं ठेवली.