फॉरवर्ड करार (परकीय चलन)

परकीय चलनाची ठरावीक रक्कम पुढच्या ठरावीक तारखेला कोणत्या दराने द्यायची वा घ्यायची, हे आजच पक्के करणारा बँक आणि ग्राहक यांच्यातला करार. निर्यातदार, आयातदार आणि परदेशी कर्ज घेतलेल्या कंपन्या विनिमय दरातल्या चढउतारापासून बचाव म्हणून तो करतात. बोलीभाषेत याला ‘फॉरवर्ड बुक करणे’ किंवा ‘कव्हर घेणे’ म्हणतात. करार होतो त्या दिवशी चलनाची देवाणघेवाण होत नाही, फक्त दर ठरतो.

मराठीत ‘वायदा’ हा एकच शब्द फॉरवर्ड आणि फ्यूचर्स या दोन्हींसाठी वापरला जातो आणि त्यातून गोंधळ होतो. फ्यूचर्सचे व्यवहार एक्स्चेंजवर होतात. भारतात डॉलर-रुपया फ्यूचर्स २९ ऑगस्ट २००८ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर सुरू झाले. त्यांचा लॉट, म्हणजे एका व्यवहाराचे ठरलेले माप, १,००० डॉलरचा असतो, मुदती ठरलेल्या असतात, रोजचा नफातोटा रोज वळता होतो आणि शेवटी हिशेब रुपयांतच मिटतो. फॉरवर्ड थेट बँकेशी होतो. ८७,३५० डॉलर आणि १४ तारीख असे ग्राहकाला हवे तसे बेतता येते आणि डॉलर खरोखर द्यावे-घ्यावे लागतात.

समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीला सहा महिन्यांनी १ लाख डॉलर येणार आहेत. आजचा स्पॉट दर, म्हणजे दोन कामकाजी दिवसांनी पैसे हाती पडणाऱ्या व्यवहाराचा दर, ८४ रुपये आहे. रुपयावर वार्षिक ७ टक्के आणि डॉलरवर ५ टक्के व्याज चालू आहे. फाउंड्रीने डॉलर आगाऊ विकले की बँक नुसती सहा महिने वाट पाहत बसत नाही. ती आज डॉलर उसने घेते, ८४ ने विकते, आलेले रुपये ७ टक्क्यांनी गुंतवते आणि फाउंड्रीचे डॉलर आले की त्यातून उसनवारी फेडते. या हिशेबातून सहा महिन्यांचा दर ८४.८२ निघतो (बँकेचा नफा वेगळा). वरचे ८२ पैसे म्हणजे ‘प्रीमियम’.

हे ८२ पैसे म्हणजे रुपया घसरणार असल्याचे भाकीत नव्हे. ते दोन देशांतल्या व्याजदरांमधले अंतर आहे. फॉरवर्डबद्दलचे निम्मे गैरसमज इथेच जन्म घेतात. भारतात व्याजदर अमेरिकेपेक्षा सहसा जास्त असल्याने डॉलर पुढच्या तारखेला महाग दिसतो. निर्यातदाराला हा प्रीमियम मिळतो, आयातदाराला तो मोजावा लागतो. म्हणूनच निर्यातदार कव्हरला चटकन तयार होतो आणि आयातदार ‘बघू पुढे’ म्हणत राहतो.

सहा महिन्यांनी डॉलर ८२ वर असो वा ८७ वर, फाउंड्रीला ८४ लाख ८२ हजार रुपयेच मिळतात. ८७ झाला तर २ लाख १८ हजार ‘बुडाले’ अशी चर्चा कंपनीत हमखास होते.

या चर्चेचे गाजलेले उदाहरण जर्मनीतले आहे. जानेवारी १९८५ मध्ये लुफ्तान्सा या विमान कंपनीने बोइंग ७३७ जातीची २० विमाने सुमारे ५० कोटी डॉलरला मागवली. पैसे वर्षभराने द्यायचे होते. डॉलर तेव्हा ३.२ मार्कच्या (मार्क हे जर्मनीचे तेव्हाचे चलन) आसपास, खूप चढलेला होता. अध्यक्ष हाइन्झ रुनाऊ यांना तो उतरेल असे वाटत होते, तरी त्यांनी निम्म्या रकमेचे फॉरवर्ड कव्हर घेतले. वर्षभरात डॉलर २.३ मार्कवर आला. कव्हर केलेल्या २५ कोटींसाठी ८० कोटी मार्क मोजावे लागले, उरलेले २५ कोटी साडेसत्तावन्न कोटींत मिळाले. फॉरवर्डमुळे साडेबावीस कोटी मार्क जादा गेले म्हणून रुनाऊंवर टीकेची झोड उठली. पण डॉलर ४ मार्कवर गेला असता तर याच टीकाकारांनी ‘निम्मेच का?’ असे विचारले असते. कव्हरचा निर्णय ज्या दिवशी घेतला, त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवरच तोलायला हवा.

खरा धोका वेगळाच असतो: कव्हर घेतले आणि डॉलर आलेच नाहीत. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराने हंगामाआधी डॉलर विकून ठेवले आणि अवकाळी पावसाने घड तडकले, तर माल जात नाही, करार मात्र उभा राहतो. तो रद्द करताना बँक त्या दिवशीच्या बाजारभावाने हिशेब करते. डॉलर चढलेला असेल तर फरक निर्यातदाराच्या खिशातून जातो, म्हणजे बचावासाठी केलेला करारच जोखीम होऊन बसतो. त्यामुळे अनुभवी निर्यातदार अपेक्षित रकमेचा काही भागच कव्हर करतात. पैसे नक्की येणार पण तारीख डळमळीत, अशा वेळी ‘ऑप्शन फॉरवर्ड’ घेतात. त्यात महिनाभराच्या मुदतीत कधीही डॉलर देता येतात. नावात ऑप्शन असले तरी निवड फक्त तारखेची असते, न देण्याची नाही. उशीर झालाच तर ‘रोलओव्हर’ करून करार पुढे ढकलतात.

रुपयाचा विनिमय दर, जुन्या पुस्तकांतला हुंडणावळीचा दर, १९२७ मध्ये ब्रिटिश चलनातल्या १ शिलिंग ६ पेन्सला बांधला गेला. रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सप्टेंबर १९७५ मध्ये सुटली आणि तो चलनांच्या टोपलीला, म्हणजे अनेक चलनांच्या गटाला, जोडला गेला. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोपवला गेला. दराची जोखीम खऱ्या अर्थाने कंपन्यांच्या अंगावर आली ती तेव्हा. आज हे व्यवहार १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, आणि रिझर्व्ह बँकेचे निर्देश यांखाली अधिकृत बँकांमार्फत होतात. मूळ तत्त्व असे की कव्हरमागे खरी जोखीम असावी. नुसता सट्टा नको. २००७-०८ मध्ये तमिळनाडूतल्या कापड उद्योगाच्या तिरुपूरच्या आणि इतर ठिकाणच्या निर्यातदारांनी साधे फॉरवर्ड सोडून स्विस फ्रँकसारख्या, धंद्याशी संबंध नसलेल्या चलनांवरचे गुंतागुंतीचे करार केले. त्यात मोठे तोटे झाले आणि प्रकरणे न्यायालयात गेली.

उलट टोकाची चूक २०१३ मध्ये दिसली. मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला आणि कव्हरविना परदेशी कर्जे घेतलेल्या कंपन्या अडचणीत आल्या. रिझर्व्ह बँकेने कंपन्यांवर थेट सक्ती केली नाही, बँकांना धरले. १ एप्रिल २०१४ पासून, कव्हर न घेतलेली जोखीम मोठी असणाऱ्या कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेला कर्ज बुडण्याच्या शक्यतेपोटी जादा तरतूद आणि काही वेळा जादा भांडवल बाजूला ठेवावे लागते.