कचरा वर्गीकरण, ग्रामीण घरांतील

घरातला कचरा निघतानाच कुजणारा (ओला), न कुजणारा (सुका) आणि घातक असा वेगवेगळा ठेवण्याची रीत. महाराष्ट्राच्या खेड्यांत ती सरकारी योजनांनी आणली, हे अर्धेच खरे. शेतकऱ्याच्या घरी भाजीची देठे आणि शिळी भाकरी गुरांपुढे जाते. शेण, गव्हाणीत उरलेली वैरण आणि चुलीची राख उकिरड्यावर. लोखंड, बाटल्या भंगारवाल्याकडे. जुने कपडे बोहारणीकडे, भांड्यांच्या बदल्यात. ज्याला पुढे शेत किंवा गिऱ्हाईक आहे, ते घर न सांगता वेगळे काढते. अडते ते कोणीच घेत नाही त्यापाशी: गुटख्याच्या आणि शॅम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे, डायपर. हा माल उकिरड्यात मिसळतो, नाहीतर चूल पेटवायला वापरला जातो.

सर्वांत पक्की प्रेरणा खताची. उकिरडा पावसाळ्याआधी उपसून शेतात पसरतात, तेव्हा वर्षभराचे प्लॅस्टिक वर येते. खतात काच निघाली तर भात लावताना अनवाणी पायांना लागते. असे खत शेजारीही फुकट नेत नाही. दुसरी प्रेरणा गुरांची. उरलेले अन्न पिशवीत गाठ मारून फेकले की गाय पिशवीसकट गिळते, पोटात गोळा होतो आणि कधी पोट फाडूनच तो काढावा लागतो. दुभते जनावर असलेल्या घराला हे एकदा सांगितले तरी पुरते.

खताची ठरलेली पद्धत म्हणजे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींत हवेसाठी भोके. सहा इंच काडीकचरा, त्यावर सुमारे ४ किलो शेण पाण्यात कालवून केलेला काला, त्यावर ५०-६० किलो चाळलेली माती, असे थर टाकीच्या काठावर दीड फूट येईपर्यंत रचून शेणमातीने लिंपतात. खत ९० ते १२० दिवसांत होते. टाकी सुकली तर कुजणे थांबते. पाणी जास्त झाले तर घाण वास सुटतो. थरात प्लॅस्टिक आडवे पडले तर त्याखाली हवा पोचत नाही. टाकीला १,४०० किलोंच्या आसपास काडीकचरा लागतो. गुरे नसलेल्या घराच्या स्वयंपाकघरातून तेवढा वर्षातही निघत नाही, म्हणून अशा वस्तीत गल्लीला एक टाकी ठीक.

कायद्याच्या धाकाने गावात फारसे घडत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी जबाबदारी टाकली होती ती जनगणना नगरे (कारभार पंचायतीचा, पण जनगणनेत शहर धरलेली गावे) आणि नागरी समूहांतल्या पंचायतींवर. स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली, म्हणजे २,००० वस्तीला १ लाख २० हजार. त्यात तीनचाकी, शेड असे काही उभे राहते. कामगाराचा पगार वर्षानुवर्षे निघत नाही. तो घरपट्टी आणि वित्त आयोगाच्या निधीतून भागवावा लागतो. कराला सोयीची जोड दिली की वसुली सुधारते: छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात पूर्ण कर भरणाऱ्यांना दळण मोफत, हे त्याचे गाजलेले उदाहरण. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने शेजारच्या गावाशी चुरस लावून दिली. मात्र स्पर्धेची तपासणी झाली की पुष्कळ ठिकाणी डबे पुन्हा धान्याला लागतात.

वर्गीकरण मोडते ते बहुधा घरात नव्हे, घंटागाडीवर. दोन डबे एकाच ट्रॉलीत उपडे होताना बाईने पाहिले की दुसऱ्या दिवसापासून एकच डबा बाहेर येतो, आणि ती पुन्हा सहजी ऐकत नाही. म्हणून गाडीत आधी कप्पे करावेत, डबे मागाहून वाटावेत. ओला रोज न्यावा, सुका आठवड्यातून एकदा पुरे. तो धुऊन वाळवला असेल तर कुबट होत नाही. दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो तुकडा हमखास ओल्यात जातो.

सॅनिटरी पॅड ओल्यात मिसळण्याचे कारण वेगळे. सगळ्या गल्लीदेखत, पुरुष कामगारासमोर उघडा डबा रिकामा व्हायचा असतो, म्हणून ते ओल्या कचऱ्याच्या तळाशी दडवले जातात. गाडीवर बचत गटातली बाई असेल आणि कागदात गुंडाळून वर लाल खूण करायची रीत पाडली, तर ते वेगळे येऊ लागतात.