किडा मेला हे ठरवायचं कसं?

दर काही महिन्यांनी 'आयुष्य वाढवणारं औषध सापडलं' अशी बातमी येते, आणि शेवटच्या परिच्छेदात कळतं की आयुष्य वाढलंय ते सूत्रकृमीचं, म्हणजे दोऱ्यासारख्या एका बारीक किड्याचं. त्यात कमीपणा काही नाही. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटरचा पारदर्शक किडा २० अंश सेल्सिअसला तीन-साडेतीन दिवसांत प्रौढ होतो आणि दोन-तीन आठवड्यांत मरतो. उंदरासाठी वर्षं जातात. १९९३ मध्ये जीवशास्त्रज्ञ सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवलं, की डॅफ-२ हा एकच जनुक बिघडला तर याचं आयुष्य दुप्पट होतं. इन्सुलिनचा संदेश घेणारं जे ग्राहक-प्रथिन (रिसेप्टर) आपल्या पेशींवर असतं, त्याच्या जनुकाचा हा भाऊबंद.

मोजणी मात्र किचकट आहे. सगळे किडे एकाच वयाचे हवेत, म्हणून अंडी पोटात असलेले किडे ब्लीच आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात टाकतात. शरीरं विरघळतात, अंडी कवचामुळे वाचतात. मिश्रण धुवायला उशीर झाला तर तीही जातात. अंड्यांतून निघालेले किडे आगार या जेलीच्या डिशमध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या थरावर वाढवतात; तेच त्यांचं अन्न. प्रौढ झाल्यावर पहिले काही दिवस त्यांना रोज नव्या डिशमध्ये हलवायचं, कारण एकेक किडा सुमारे ३०० अंडी घालतो आणि पिल्लं लवकरच आईएवढी होतात. हा व्याप टाळायला काही जण एफयूडीआर हे पिल्लं होऊ न देणारं रसायन वापरतात, पण काही उत्परिवर्तित वाणांचं आयुष्य त्यानेच वाढतं!

म्हातारा किडा तासन्‌तास हलत नाही. प्लॅटिनमच्या बारीक तारेने डोक्याला हलकेच टोचायचं. डोकंही हललं नाही तर मेला. जो डिशच्या भिंतीवर चढून वाळला किंवा ज्याच्या पोटातच अंड्यांतून पिल्लं निघाली, त्याचं वय वेगळं नोंदवतात. ते साध्या मृत्यूंत मिसळलं तर सरासरी बिघडते.

खरी गफलत अन्नात होते. औषधाने जिवाणूंची वाढ खुंटली किंवा किडा त्यांच्यापासून लांब राहू लागला, तर तो कमी खातो, आणि निव्वळ कमी खाण्यानेही त्याचं आयुष्य लांबतं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या बाबतीत तर परिणाम जिवाणूंच्या चयापचयातून येतो असं दिसलं. म्हणून तोच प्रयोग मारलेल्या जिवाणूंवर पुन्हा करून पाहावा लागतो. तो केला होता का, हे बातमीत क्वचितच असतं. गोळ्यांच्या जाहिरातीत तर नसतंच.