लेट डोमेन (विषाणूंचे मुकुलन)

अनेक आवरणयुक्त विषाणूंच्या संरचनात्मक प्रथिनांत आढळणारा, बहुधा चार-पाच अमिनो अम्लांचा आखूड क्रम. जुळणी पूर्ण झालेला विषाणू आश्रयी पेशीच्या पटलातून बाहेर पडताना त्याला पेशीशी जोडणारी मान तोडण्यासाठी लागणारी पेशीचीच प्रथिने या क्रमामुळे तेथे गोळा होतात.

एचआयव्ही-१ मध्ये हा क्रम गॅग या विषाणूचा सांगाडा घडवणाऱ्या प्रथिनाच्या टोकाकडील पी६ भागात असून तो प्रोलीन-थ्रिओनीन-ॲलॅनीन-प्रोलीन (पीटीएपी) असा आहे. गॉटलिंगर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये पी६ बिघडवलेल्या विषाणूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणे प्रसिद्ध केली. गोल कण पटलावर तयार झालेले होते, मात्र बारीक देठाने पेशीला लटकून राहिले होते. रूस सार्कोमा विषाणूत पीपीएक्सवाय (एक्स म्हणजे कोणतेही अमिनो अम्ल), तर घोड्यांच्या संसर्गजन्य पांडुरोगाच्या विषाणूत वायपीएक्सएल या प्रकारचा क्रम आहे. एबोलाच्या व्हीपी४० प्रथिनात पहिले दोन क्रम एकमेकांत गुंतलेले आहेत (पीटीएपीपीईवाय).

पीटीएपी हा टीएसजी१०१ या पेशीतील प्रथिनाच्या यूईव्ही प्रक्षेत्राला (प्रथिनाच्या स्वतंत्र घडी असलेल्या भागाला) बांधला जातो, हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. या प्रक्षेत्राची घडी युबिक्विटिन (इतर प्रथिनांवर खूण म्हणून लावले जाणारे लहान प्रथिन) जोडणाऱ्या विकरासारखी आहे, पण क्रियाशील सिस्टीन नसल्याने ते विकराचे काम करत नाही. वायपीएक्सएल पेशीतील ॲलिक्स या प्रथिनाला, तर पीपीएक्सवाय युबिक्विटिन जोडणाऱ्या नेड४ कुलातील विकरांच्या डब्ल्यूडब्ल्यू प्रक्षेत्रांना बांधला जातो. टीएसजी१०१ हे एस्क्रट-१ संकुलाचे घटक आहे; एस्क्रट म्हणजे पटलाची अशी मान तोडणाऱ्या पेशीतील प्रथिनसंकुलांचा समूह. स्कॉट एमर यांच्या गटाने ही संकुले २००१-०२ च्या सुमारास यीस्टमध्ये वर्णिली. तेथे ती एंडोसोमच्या (पेशीत आत घेतलेले पदार्थ वाहणाऱ्या पिशवीच्या) पोटात पुटिका, म्हणजे लहान पिशव्या, सोडण्याचे काम करतात. विषाणूचे मुकुलन व एंडोसोम या दोन्ही ठिकाणी फुगवटा पेशीद्रवापासून दूर जातो आणि मान आतून तोडावी लागते.

प्रत्यक्ष छेद एस्क्रट-३ करते. त्यातील सीएचएमपी प्रथिनांचे सर्पिल तंतू मानेत रचले जातात आणि व्हीपीएस४ हे एटीपी खर्चणारे विकर आपल्या एमआयटी प्रक्षेत्राने त्यांची टोके पकडते. व्हीपीएस४ केवळ छेदानंतर तंतू मोडून घटक परत वापरात आणते, असे आधी मानले जाई. तंतूंची घडण सतत बदलत ठेवून ते छेदातही भाग घेते, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. तंतू घुमटासारखे आकुंचन पावतात की सर्पिलातील ताण सुटल्याने मान तुटते, यावर एकमत नाही.

एस्क्रट-३ चे मूळ फार जुने असावे. सल्फोलोबस या आर्कियाच्या (केंद्रक नसलेल्या, जीवाणूंहून वेगळ्या एकपेशीय जीवाच्या) पेशीविभाजनात तत्सम प्रथिने असल्याचे २००८ मध्ये आढळले. केंद्रकयुक्त पेशींच्या जवळच्या नात्यातील अस्गार्ड आर्कियात तर एस्क्रट-१ व २ चीही जनुके आहेत. विषाणूंनी ही यंत्रणा नंतर वापरात घेतली, हे उघड आहे. दूरच्या विषाणुकुलांत सारखेच क्रम असण्याचे कारण समान पूर्वज नसून स्वतंत्र उत्क्रांती असावी. इतका आखूड क्रम थोड्याशा उत्परिवर्तनांनीही उद्भवू शकतो.

पेशीतील इतर काही प्रथिनांची चंद्रकोरीसारखी बार प्रक्षेत्रेही पटल वाकवतात, पण त्यांतील बहुतेक ते पेशीद्रवाच्या बाजूला, म्हणजे मुकुलनाच्या उलट दिशेने वाकवतात.

इन्फ्लुएन्झा ए विषाणूला एस्क्रटची गरज भासत नाही. त्याच्या एम२ प्रथिनातील उभयस्नेही (एका बाजूने पाण्याशी, दुसऱ्या बाजूने मेदाशी जुळणारा) सर्पिल मानेच्या पटलात शिरून छेद घडवतो.